कौसाबाईंची मोजणी

शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमची वस्ती होती. तिथे कौसाबाई रोकडे यांच्याविषयी दोन गोष्टी बोलल्या जात. एक म्हणजे, ही बाई दिवसभर लोकांचं मूत मोजते आणि त्याचा पगार घेते. दुसरी म्हणजे, हिने स्वतःच्या नवऱ्याचं वय खरं सांगितलं आणि त्याला घालवलं. पहिली गोष्ट हसत बोलली जाई, दुसरी आवाज खाली आणून. पहिली खरी होती. दुसरीत माझाही वाटा होता, आणि तो कौसाबाईंखेरीज वस्तीत दीड वर्ष कुणाला ठाऊक नव्हता.

मी मुरबाडकडच्या एका खेड्यातला. कल्याणला राहून बी. ए. केलं आणि १९८४ साली उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका न्यासाच्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर नोकरीला लागलो. खोली अंबरनाथला घेतली, कौसाबाईंच्या घरामागे. त्या त्याच रुग्णालयात आया होत्या, माझ्या आधी सहा वर्षांपासून. सकाळी आम्ही एकाच रिक्षाने कॅम्पला जात असू. त्या फारसं बोलत नसत. पदराची गाठ मुठीत धरून रस्त्याकडे बघत बसत.

वांगणीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं माहेर होतं. दीक्षेच्या वर्षी त्या वडिलांच्या खांद्यावर बसून सभेला गेल्या होत्या, एवढीच त्यांची त्या दिवसाची आठवण. शाळा दुसरीत सुटली. अक्षरं विसरली, आकडे तेवढे राहिले. नवरा हिरामण अंबरनाथला रसायनांच्या कारखान्यात होता. उंच, हडकुळा, विडी ओढणारा आणि बायकोची थट्टा करणारा माणूस. संध्याकाळी त्या घरी आल्या की शेजारच्या तुळशीबाई ओट्यावरून विचारत, "काय गं मोजणीदारीण, आज किती लिटर?" आणि हिरामणच आतून उत्तर देई, "टाकी भरून आली हाय. घागर आणा."

या मोजणीचं मूळ १९९१ साली रुग्णालयात सुरू झालेल्या हृदयविकाराच्या वॉर्डात होतं. पहिल्या मजल्यावर आठ खाटा, त्यांच्यासाठी दोन आया, आणि डॉक्टर मखीजा. ते उल्हासनगरचेच, मुंबईला शिकून परत आलेले, चाळिशीच्या आतले, फार कडक. धाप लागून, पाय सुजून आलेल्या माणसाला त्यांच्या वॉर्डात ठरलेल्या पद्धतीनेच ठेवत. सकाळी चहाच्या आधी प्रत्येकाचं वजन व्हायचं. प्यायचं पाणी मापून द्यायचं, जेवणात मीठ नाही, पापड-लोणचं तर नावालाही नाही. लघवी मापाच्या भांड्यात घेऊन आकडा खाटेच्या तक्त्यावर चढवायचा. अंगात साठलेलं पाणी लघवीतून जाऊन वजन उतरलं तर औषध लागू पडलं, चढलं तर नाही. डॉक्टर राउंडला आले की तक्ता उचलण्याच्या आधी कौसाबाईंकडे बघत.

"मावशी, सहा नंबर?"

"चौदाशे, डॉक्टर. काल नऊशे होतं. वजन दीड किलोनं उतरलं."

दोन वर्षांत एकदाही त्यांचा आकडा चुकला नाही, असं सिस्टर सरस्वती मला सांगत. सरस्वती त्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. एकदा एका आयाने कंटाळून अंदाजाने आकडा टाकला, तेव्हा कौसाबाईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. "अंदाज लावायचा तर घरी भाताला लाव. इथं माणूस हाय."

तळमजल्यावर मोठा वॉर्ड होता. बेचाळीस खाटा आणि त्यांनाही दोनच आया. ताप, कावीळ, क्षय, दमा, साखर, जे कुठे बसत नसेल ते सगळं तिथे. तो वॉर्ड डॉक्टर केळुसकरांचा. साठीला टेकलेला, सुस्वभावी, दमलेला माणूस. राउंडला त्यांना तीन तास लागत, कारण ते प्रत्येकाला घरचं विचारत. स्वयंपाक कोण करतं, घरात पायऱ्या किती, औषध कोण आणून देतं. त्यांच्या हातून पुष्कळ माणसं बरी होऊन गेली, हे मला लिहिलंच पाहिजे. पण मोजणं तिथे नव्हतं. बेचाळीस माणसांचं मोजणार कोण?

१९९२ च्या दिवाळीनंतर न्यासाने एक परिपत्रक काढलं. हृदयाच्या वॉर्डात खाटा कमी पडतात, तेव्हा धाप लागून आलेला रुग्ण साठीच्या आतला असेल तर पहिल्या मजल्यावर पाठवावा, साठीच्या पुढचा असेल तर मोठ्या वॉर्डात. कमावत्या माणसाला आधी जागा मिळावी, असा हेतू त्यात लिहिला होता. तो कागद माझ्या टेबलावरच्या काचेखाली होता. वाचताना मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. वॉर्डांमध्ये हा नियम कुणी फोडून सांगितला नाही. तो खिडकीवरच लागू होत असे, आणि खिडकीवर मी होतो.

१९९३ च्या डिसेंबरातल्या एका सोमवारी, अकराच्या सुमारास, कौसाबाई हिरामणला रिक्षातून घेऊन आल्या. आठवडाभर तो उशीला टेकून बसूनच झोपत होता, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. खोकला आहे, विडीचा आहे, असं तो म्हणत असे. आज तो बाकावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. श्वासाचा आवाज खिडकीपर्यंत येत होता. पायांत चपला नव्हत्या, कारण त्या चढत नव्हत्या.

"नाव?" मी सवयीनं विचारलं आणि ओशाळून स्वतःच लिहिलं. हिरामण सोनू रोकडे.

कौसाबाईंनी कारखान्याचं ओळखपत्र पुढे सरकवलं. त्यावर जन्मसाल १९३६ होतं.

"सत्तावन्न," मी म्हणालो आणि पेन टेकवलं.

"नाय नाय. ते कार्डावरचं. भरतीच्या टायमाला मुकादमानं तोंडाकडं बघून टाकलेलं. एकसष्ट लिवा, भाऊ."

"कार्ड आहे ना, मावशी. कार्डावरचं चालतं."

"चालतं कसं? दीक्षा घेतली तवा चोवीसचे होते. विहारातल्या यादीत हाय, नावासमोर. छप्पनपासून मोजा ना तुम्हीच." मग त्या खिडकीच्या जाळीशी आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "औषध वयावर देतात, भाऊ. मखीजा डॉक्टर पयलं तेच विचारतात, एज किती, वजन किती. चार वर्सं चोरली तर औषध जास्तीचं जाईल अंगात. झेपायचं नाय त्यांना."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. दोन वर्षं त्यांनी वय आणि वजन विचारूनच औषध ठरताना पाहिलं होतं. वयाचा आकडा खाटही ठरवतो, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. काचेखालचा कागद माझ्या मनगटाला लागत होता. 'मावशी, सत्तावन्नच राहू द्या, कारण नंतर सांगतो,' एवढं एक वाक्य पुरेसं होतं. पण रांगेत बारा-पंधरा माणसं होती, आणि ओळखीच्या माणसासाठी वय बदललं असं कुणी वर जाऊन सांगेल, याची मला धास्ती होती. मागून एक दुकानदार ओरडला, "अरे साईं, जल्दी करो ना! कुंडली बना रहे हो क्या?"

मी एकसष्ट लिहिलं आणि मोठ्या वॉर्डाचा शिक्का मारला.

चार वाजता त्या खिडकीशी आल्या. त्यांची पाळी दुपारची होती, अंगावर निळी साडी होती.

"वर दोन खाटा रिकाम्या हायेत, भाऊ. मी स्वतः चादरी घातल्या. मग यांना खाली कसं टाकलं?"

मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी जाळीतून काचेकडे पाहिलं. अक्षरं त्यांना लागत नव्हती.

"ते ६० लिवलंय, तेच का?"

"तेच."

"सकाळी पण होतं तिथं?"

मी मान हलवली. केसपेपर आता वॉर्डात गेला आहे, वय बदलायचं तर कार्यालयाची सही लागेल, असं काहीतरी मी बोलत राहिलो. त्या ऐकत नव्हत्या. काचेकडेच बघत होत्या. मग पाळीवर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टर मखीजांना विचारलं. सरस्वती सिस्टर तिथे होत्या, त्यांनी मला नंतर सांगितलं. मखीजा वाईट माणूस नव्हते. पण ते म्हणाले, "मावशी, वो केळुसकर साहबका पेशंट आहे ना. त्यांनी लिहून बोलावल्याशिवाय मी जाऊन हात लावला तर बरं दिसणार नाही. त्यांना सांग, मला कॉल पाठवायला." दोन वॉर्डांमध्ये एक जिना होता, बावीस पायऱ्यांचा. चिठ्ठीशिवाय कुठलाही डॉक्टर तो उतरत किंवा चढत नसे. हा शिष्टाचार होता, आणि आम्ही सगळे तो पाळत असू.

मोठ्या वॉर्डात हिरामणला सतरा नंबरची खाट मिळाली. विडी, खोकला, धाप हे बघून दमा धरला गेला. त्याला दम्याचं औषध सलाईनमधून चालू झालं, दिवसाला तीन बाटल्या. जेवण सगळ्यांचं तेच त्याचं. डाळ, भात आणि एक पापड. पहिल्या दिवशी त्याला थोडं बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी आवाज बसला. त्याही स्थितीत तो मला म्हणाला, "भाऊ, इथं मोजत नायत. फुकट जातंय सगळं."

मला वाटलं होतं, कौसाबाई रडतील किंवा माझ्याशी बोलणं टाकतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. मंगळवारी सकाळी, पाळी नसताना, त्या रुग्णालयात आल्या आणि पहिल्या मजल्यावरचा वजनकाटा उचलून बावीस पायऱ्या उतरल्या. तो लोखंडी काटा दोन माणसांनी उचलायचा होता. वॉर्डाची वस्तू वॉर्डाबाहेर न्यायची नाही, असा नियम होता. सरस्वती सिस्टरनी पाठ वळवून औषधांचं कपाट लावायला घेतलं. चहाच्या आधी, वरच्या पद्धतीप्रमाणे, हिरामणला दोन्ही काखांत धरून त्यांनी काट्यावर उभं केलं. आकडा वाचला. मग काटा उचलून परत वर नेला. लघवीसाठी घरून स्टीलचं भांडं आणलं, वरच्या मापाने त्यात पाणी ओतून शंभर-शंभरला खिळ्याने ओरखडे काढले.

तक्त्यावर लिहायचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी खडूने खाटेमागच्या भिंतीवर आकडे लिहिले. मंगळवारी ५८. बुधवारी ५९॥. गुरुवारी ६१. त्याच्या खाली लघवीचे आकडे, ते उतरत गेलेले. झाडूवालीने बुधवारी भिंत पुसली. कौसाबाईंना ते सगळे पाठच होते, त्यांनी पुन्हा लिहिले.

गुरुवारी डॉक्टर केळुसकर राउंडला सतरा नंबरपर्यंत पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. कुणाच्या तरी क्ष-किरणांची चिठ्ठी द्यायला मी वॉर्डात गेलो होतो. त्यांनी चष्मा वर करून भिंत पाहिली.

"हे काय? सिस्टर, माझ्या वॉर्डात मटका कोण घेतंय?"

दोन-तीन पेशंट हसले. कौसाबाई हसल्या नाहीत. खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या, तिथूनच बोलल्या.

"वजन हाय ते, डॉक्टर. यांचं."

"कुणी सांगितलं करायला?"

"कुणी नाय. वर करतात, म्हणून केलं."

"मावशी, वर आठ पेशंट आहेत. इथे किती आहेत, मोजलेत का?"

"बेचाळीस. मोजलेत." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "तीन दिवसांत तीन किलो वाढलं, डॉक्टर. पोटात चार घास पण जात नायत. मग हे तीन किलो कशाचे हायेत, तेवढं सांगा. मी अडाणी बाई हाय."

सिस्टरने काही म्हणायला तोंड उघडलं, केळुसकरांनी हाताने तिला गप्प केलं. ते खाटेवर बसले. हिरामणच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला. तिथे खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. त्यांनी मानेची शीर पाहिली, पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले. मग वर लटकणाऱ्या बाटलीकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने तिची कळ बंद केली.

"माझं चुकलं," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून होतं, हे कळलं नाही. सिस्टरला त्यांनी पाणी उतरवायचं इंजेक्शन सांगितलं, मखीजांना चिठ्ठी लिहिली आणि अठरा नंबरकडे वळण्याआधी कौसाबाईंना म्हणाले, "पुसू नका ते. उद्याचा आकडा मला पाहिजे."

मखीजा तासाभरात खाली आले. दोघे डॉक्टर सतरा नंबरपाशी बराच वेळ उभे होते. खाट मात्र बदलली नाही. तोवर वरच्या दोन्ही भरल्या होत्या. औषधं वरची चालू झाली, मीठ बंद झालं. भिंतीवरचे आकडे दहा दिवसांत ५३ वर आले. हेही लिहायला हवं, की हिरामणच्या टाचेची चिघळलेली जखम आणि रक्तातली साखर केळुसकरांनी शोधली. वर ती सापडली असती असं मला वाटत नाही. वर हृदय तेवढं बघत.

सोळाव्या दिवशी तो घरी आला. पण त्या तीन दिवसांनी काहीतरी नेलं होतं. की नव्हतं? मखीजांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. आधीच उशीर झाला होता." पुढे हिरामण कामावर गेला नाही. ओट्यावर बसून असे. विहारापर्यंत चालत जायचं म्हटलं तर दोनदा टेकावं लागे. थट्टा त्याने चालू ठेवली, पण वाक्य मध्ये तुटे आणि उरलेलं आपण समजून घ्यावं लागे.

१९९४ च्या उन्हाळ्यात कौसाबाईंनी कार्यालयाकडे अर्ज केला, माझ्याकडूनच लिहून घेतला. पहिल्या मजल्यावरून मोठ्या वॉर्डात बदली मिळावी. असा अर्ज त्या रुग्णालयात आधी कुणी केला नव्हता. वरचा वॉर्ड स्वच्छ होता, पंखे होते, माणसं कमी होती. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. "काय नको," त्या म्हणाल्या. केळुसकरांनी सही केली. सूज असलेल्या पेशंटचं वजन आणि लघवी मोजावी असा हुकूम त्यांनी काढला होता, पण भांडी चार आली, त्यांतली दोन महिन्याभरात फुटली. आया दोनच राहिल्या. परिपत्रक काचेखालीच होतं. मी ते काढावं म्हणून कुणाला अर्ज केला नाही.

कौसाबाई सूज असलेल्यांच्या खाटांच्या पायांना लाल चिंधी बांधत आणि आधी तिकडे जात. कधी पाच, कधी नऊ. संध्याकाळी रिक्षात त्यांचा डोळा लागे. डोकं माझ्या खांद्यावर येऊ नये म्हणून त्या झोपेतसुद्धा दांडा धरून ठेवत.

एप्रिल १९९५ मध्ये हिरामण घरीच वारला, दुपारच्या जेवणानंतर, ओट्यावर बसल्या बसल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून माणसं घरी आली, वंदना झाली, भात-डाळ झाली. मांडव सुटत असताना ओट्यावर चार-पाच बायका बसल्या होत्या. तुळशीबाईंना राहवलं नाही. त्या दुष्ट नव्हत्या. सोळा दिवस त्यांनीच कौसाबाईंचा डबा कॅम्पला पोचवला होता.

"राग मानू नको, कौसा. पण चार वर्सं कमी सांगितली असतीस, तर काय बिघडत होतं? कार्ड होतं की हातात. वरच्या वॉर्डात गेला असता माणूस. हरिश्चंद्र होऊन काय मिळवलंस?"

कौसाबाई ताटं रचत होत्या. मी दाराशी उभा होतो. दीड वर्ष जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिथे, सगळ्यांदेखत, बाहेर पडलं. मी म्हणालो की चूक कौसाबाईंची नाही. नियम मला माहीत होता, त्यांना नव्हता. कार्ड माझ्या हातात होतं. मी सांगितलं नाही, आणि खरं वय लिहिलं. नुसतं सत्तावन्न लिहिलं असतं, तर हिरामणची मोजणी पहिल्या दिवसापासून झाली असती.

तुळशीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. कौसाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही सत्तावन्न लिवलं असतं, तर आमचे मालक वर गेले असते आणि सतरा नंबरवर दुसरा कुणीतरी एकसष्टचा झोपला असता. साठीनंतर माणूस मुतायचा थांबतो काय, भाऊ? त्याचं कोण मोजणार होतं, तुम्ही?"